ट्रे रिकामा असताना

फारूखने चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला आणि त्याआधी माझा चहाचा कप स्वतःच उचलून बाजूला केला.

"पोतनीस सरांचा आहे," तो म्हणाला. "हळू हात लाव."

"मी काय घाव घालणार आहे त्याच्यावर?"

"तुझं काही सांगता येत नाही."

चादर सोडली तर आत एक पिवळट पडलेला जुना डबा निघाला. सीडीच्या खणाखाली कुणीतरी एक टिकली चिकटवली होती. फारूख मुजावर कराडचा. पोतनीस सरांनी त्याला कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं, आणि सर जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोची, कुमुदकाकूंची, दृष्टी काचबिंदूने गेली तेव्हापासून सर त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून सीडीवर उतरवून ठेवायचे. त्या सीड्या ऐकवणारा प्रोग्रॅमही सरांनीच लिहिलेला. काकू रोज दुपारी या मशीनसमोर बसून ऐकायच्या. आठवड्यापूर्वी त्यातून जळका वास आला आणि ते बंद पडलं.

"हार्ड डिस्क ठणठणीत आहे," फारूख म्हणाला. "बोर्ड गेलाय, आणि असला बोर्ड आता भंगारातसुद्धा मिळत नाही. काकूंना दुसरं काही नको, तेच पाहिजे. म्हटलं, आपला धंदाच हा आहे. घेऊ की आपल्यात."

आपल्यात घेऊ, म्हणजे काय ते सांगायला हवं. कर्वेनगरला एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि तिथे आम्ही मोजकी माणसं एक सॉफ्टवेअर बनवत होतो. त्याच्यात एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा अख्खा कॉम्प्युटर चालवता यायचा. आतला कॉम्प्युटर खरा नसतो. त्याची डिस्क म्हणजे एक फाइल, त्याच्या सीड्याही उतरवून घेतलेल्या फाइली, त्याचा सीडीचा ट्रे म्हणजे एक बतावणी. पण त्याला ते ठाऊक नसतं. आपण आपल्या जुन्याच डब्यात, आपल्याच घरात आहोत असं समजून तो चालत राहतो. बाहेरच्याला आम्ही यजमान म्हणायचो आणि आतल्याला पाहुणा. मला या कामातली हीच गोष्ट सुरुवातीला विचित्र वाटायची. नंतर सवय झाली.

माझ्याकडे त्या दिवसांत नेमकं सीडी बदलण्याचंच काम होतं. पाहुणा काही हात बाहेर काढून सीडी बदलू शकत नाही. तो फार तर ट्रे उघडा म्हणून सांगेल, पण आतली सीडी काढायची आणि दुसरी घालायची ती बाहेरून यजमानानेच. त्यासाठी बाहेरच्या माणसाने कोणत्या कमांड द्यायच्या, हे मी ठरवत होते. शिवाय एक भानगड होती. पाहुणा सीडी वाचत असला की ट्रेला आतून कडी लावून बसतो. अशा वेळी त्याला विचारायचं, की सरळ कडी तोडायची?

आमचे साहेब विश्राम कारखानीस, त्यांचं उत्तर तयार होतं.

"एक कमांड," ते म्हणाले. "बदल. बस. कडी असली तर तोड, जुनी काढ, नवी घाल, सगळं एका झटक्यात. माणसाला रिमोटवर एक बटण हवं असतं, नीरजा. तू त्याला पूजा सांगू नकोस."

मी चार कमांडचा आराखडा केला होता. उघड, काढ, घाल, लाव. लिहायच्या त्या इंग्रजीतच, पण ऑफिसात आम्ही त्यांना हीच नावं दिली होती. विश्रामसाहेबांनी तो कागद वाचला, हसले, आणि त्यावर भडंग ठेवून खाल्लं.

म्हणून पोतनीस सरांचं मशीन 'बदल' घेऊनच आमच्यात आलं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही ते चालू केलं. काळा पडदा, खाली चार ओळी, आणि मग स्पीकरमधून एक जाडसर, शांत आवाज आला. "पहिली तबकडी. सुरू करतो." कुठलंसं प्रवासवर्णन होतं. सर सीडीला तबकडी म्हणायचे. फारूख खुर्चीत ताठ बसला होता, वर्गात बसतात तसा. आम्ही 'बदल' दिलं आणि क्षणात दुसरी तबकडी सुरू झाली. मध्ये श्वास घेण्याइतकीही फट पडली नाही.

"बघ," विश्रामसाहेब मला म्हणाले. "लोणी."

फारूखने एका नव्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं, कीबोर्डाच्या एका कळेवर 'बदल' जोडलं, काकूंना बोटाला लागावी म्हणून तिच्यावर टिकली चिकटवली आणि कराडला नेऊन दिलं. दोन दिवसांनी काकूंचा त्याला फोन आला. तो ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही बिघडलं. पुस्तक ऐकू येतंय, सीडी बदलती." त्याने फोन खिशात घातला. "म्हणतायत, हे वाचतात, पण माझ्याशी बोलत नाहीत."

शनिवारी आम्ही दोघं कराडला गेलो. विद्यानगरला पोतनीसांचं छोटं बैठं घर होतं, पुढे पपईचं झाड. कुमुदकाकू सत्तरीच्या आसपासच्या, बारीक, ताठ. कपाच्या कडेला बोट लावून त्यांनी स्वतः चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "जोरात बोलू नकोस गं, मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं."

मी त्यांना विचारलं की सर बोलत नाहीत म्हणजे नेमकं काय.

"आमच्याकडे एक नियम होता," काकू म्हणाल्या. "वाचताना मध्ये बोलायचं नाही. त्यांना खपायचंच नाही. मी काही विचारलं की पुस्तक मिटून ठेवायचे. पण एक भाग संपला की पाणी प्यायचे, आणि मग बोला काय बोलायचं ते. दिवसभराचं सगळं आमचं तेव्हा व्हायचं. मग ते कॉलेजात असायचे तेव्हा घरात कोणीतरी असावं म्हणून त्यांनी हे मशीन केलं. त्याच्यातही तसंच ठेवलं. वाचताना नाही. एक सीडी काढली आणि दुसरी घालेपर्यंत, तेवढ्यात बोलायचे."

"काय बोलायचे?"

"असंच गं. काय बोलतात घरात? गोळी घेतलीस का. पाणी पी. मी मुद्दाम वेळ लावायची दुसरी घालायला." त्या किंचित हसल्या. "आता ते सारखं वाचतच सुटलेत. मला काही सांगायचं असलं तर सांगू कधी? माझं एवढंच मागणं आहे. पुस्तकं नसली तरी चालतील. तेवढी मधली जागा मला परत द्या."

मला तेव्हाच कळलं. 'बदल' एका झटक्यात सीडी काढून दुसरी घालतं. ट्रे रिकामा आहे हे पाहुण्याला दिसतच नाही. आणि सरांच्या प्रोग्रॅममधलं बोलणं ट्रे रिकामा असतानाच सुरू होतं. मी ते काकूंना समजावून सांगितलं.

"म्हणजे त्यांच्यापुढचं ताट ओढून तुम्ही दुसरं सरकवता," काकू म्हणाल्या. "असं पंगतीतसुद्धा करत नाहीत कोणी."

माझा चार कमांडचा आराखडा लॅपटॉपमध्ये होताच. तासाभरात मी तो तिथे बसवला आणि फारूखने चार कळांवर चार टिकल्या लावल्या. दुपार उतरली होती. बाहेर कुणीतरी पपईच्या झाडाखाली सायकल धूत होतं. सर वाचत होते. मी 'उघड' दिलं, तर पडद्यावर उत्तर आलं की पाहुणा वापरत आहे. आतून कडी होती. यापुढे जबरदस्तीचा एक शब्द जोडला की कडी तुटते, तोही मीच लिहिला होता, पण घाई कशाला म्हणून थांबले. सरांनी वाक्य पूर्ण केलं, भाग संपवला, "झाली ही" म्हणाले, आणि मग ट्रे उघडला. मी 'काढ' दिलं.

खोलीत काहीच आवाज नव्हता. मग स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा बारीक आवाज आला, आणि सर म्हणाले, "हं. बोल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अहो, फारूख आलाय. मशीन त्याने नीट केलं."

थोडं थांबून आवाज आला. "हं." मग पुन्हा थांबून, "गोळी घेतलीस?"

"घेतली. सकाळची घेतली, आता जेवल्यावरची घेते."

"पाणी पी."

काकूंनी चाचपत भांडं घेतलं आणि खरंच पाणी प्यायल्या. मी फारूखकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्या दोघांचं तसं बराच वेळ चाललं. सरांनी आपली वाक्यं आणि काकूंच्या उत्तरापुरती मधली शांतता, दोन्ही मोजूनमापून रेकॉर्ड करून ठेवलं असणार, असं मी स्वतःला सांगत होते. बायको कशाला किती वेळ घेते हे माणसाला कळतंच इतक्या वर्षांत.

निघताना मी सहज विचारलं, "काकू, सर तुम्हाला नावाने हाक नाही मारत?"

"आमच्या वेळी कोण मारायचं? अगं म्हणायचे. मी अहो. झालं." त्या दारापर्यंत आल्या. "एकदाच मारली. मला दिसेनासं झालं त्या वर्षी मिरज स्टेशनवर मी गर्दीत त्यांचा हात सोडून भलतीकडेच चालत गेले. तेव्हा कुमुद, कुमुद करून ओरडत आले. इतके घाबरले होते की जवळ आल्यावरही हाका मारायचे थांबेनात. त्यानंतर कधी नाही."

सोमवारी विश्रामसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. एक मोठं गिऱ्हाईक आमचं सॉफ्टवेअर घेणार होतं आणि कमांड कायमच्या ठरवायच्या होत्या. एकदा बाहेर गेल्या की त्या बदलता येत नाहीत, कारण लोक त्यांच्या भरवशावर पुढचं सगळं बांधतात.

"एका बाईंसाठी चार कमांड?" ते म्हणाले. "त्यांना वेगळी आवृत्ती दे हवी तर."

"वेगळी आवृत्ती कोण सांभाळणार? वर्षभराने तुम्हीच म्हणाल टाकून द्या म्हणून. मग त्यांच्या घरात पुन्हा 'बदल'."

"ते आहेच म्हणा." प्रामाणिक माणूस. "पण मला पटव. दाखव काय फरक पडतो ते."

दाखवणं सोपं होतं. आमच्या धंद्यात कुठल्याही पाहुण्याची आधी कॉपी काढतात आणि मगच कामाला लागतात. फाइलच ती, दोन केल्या काय आणि दहा केल्या काय. कराडला मशीन नेण्यापूर्वी फारूखने सरांच्या मशीनची कॉपी ऑफिसात ठेवलेली होती. मी जेवणाआधी तिच्यातले मधल्या जागेचे आवाज शोधून एकेक करून ऐकले. काही गूढ निघालं नाही, उलट बरं वाटलं. हं. बोल. अगं. झाली ही. गोळी घेतलीस. पाणी पी. चहा केलास का. मांजर आलंय वाटतं. खुर्चीचा आवाज, खोकला, आणि लहानमोठ्या शांतता. प्रोग्रॅम यातलंच काहीतरी चिठ्ठ्या उचलल्यासारखं उचलायचा. मायक्रोफोन नव्हता. ऐकण्याची सोयच त्याला नव्हती.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही तिघं माझ्या टेबलाभोवती बसलो. खाली दुकानात टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू होता. मी कॉपी चालू केली, सर वाचायला लागले, भाग संपला. उघड. काढ.

"आता ऐका," मी विश्रामसाहेबांना म्हटलं.

"हं. बोल," सर म्हणाले.

आम्ही कोणीच बोललो नाही. बोलणार काय? शांतता लांबली.

"अगं," सर म्हणाले. मग पुन्हा, "अगं?"

दुसऱ्यांदा म्हणताना शेवटी प्रश्न होता. मी ऐकलेल्या आवाजात 'अगं' एकच होतं, आणि ते साधं होतं. मी कीबोर्डावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"याच्यात किती वाक्यं आहेत?" विश्रामसाहेबांनी विचारलं.

"मूठभर."

"कुठे आहेस?" स्पीकरमधून आवाज आला.

फारूखने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी ऐकलेल्या आवाजांत हे वाक्य नव्हतं. खाली कॉम्प्रेसर बंद पडला आणि खोली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. स्पीकरमधून काहीतरी चाचपडल्याचा, लाकडावरून हात फिरवल्याचा आवाज येत होता.

"कुमुद?"

मला भीती वाटली. पण भीतीच्या वर आणखी एक गोष्ट होती. तो आवाज घाबरलेला होता. परक्या घरात जाग आलेल्या माणसाचा असतो तसा.

"कुमुद? कुमुद?"

"माइक आहे का याला?" विश्रामसाहेब हळू आवाजात म्हणाले.

"नाही," फारूख म्हणाला. "याला काही नाहीये."

"कुमुद."

त्याच वेळी फारूखचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून तो उचलेना. मीच बटण दाबून फोन टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजावर.

"फारूख," काकूंचा आवाज आला. एरवीसारखा ताठ नव्हता. "अरे, मघापासून ट्रे उघडून बसले आहे. सीडी काढून ठेवली आहे. काहीच बोलत नाहीत. खोकत नाहीत, खुर्ची नाही, काही नाही. आधी वाटलं बिघडलं. पण बिघडल्यासारखं नाही लागत रे." त्या थांबल्या. "ते घरात नाहीयेत."

कोणी काही बोलायच्या आत टेबलावरच्या स्पीकरमधून पुन्हा हाक आली. कुमुद, कुमुद. थांबतच नव्हती.

फोनमध्ये काकूंचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं. त्यांनी विचारलं नाही की हा आवाज तिकडे कसा, तुम्ही काय केलंत. विचारायला हवं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "अहो, मी इथे आहे. घरीच आहे. तुम्ही कुठे गेलात? असं न सांगता जातात का?"

स्पीकर गप्प झाला.

"घाबरू नका," काकू म्हणाल्या. आपण लहान मुलाला सांगतो तसं सावकाश. "मी कुठे हरवले नाही. तुम्हीच दुसरीकडे गेलात. या घरी. मी ट्रे उघडाच ठेवते."

पुष्कळ वेळ गेला, किंवा मला तसं वाटलं. मग सर म्हणाले, "हं."

"बंद कर," विश्रामसाहेब मला म्हणाले. त्यांच्या ओठांवर घाम होता. मी प्लग ओढायला वाकले तर त्यांनीच माझा हात धरला. "असं नको. नीट. आधी सीडी घाल, ट्रे लाव. मग बंद कर."

घाल. लाव. सर वाचायला लागले, पहिल्या शब्दापासून, मघाच्याच शांत आवाजात. दोन ओळी ऐकून मी पाहुण्याला रीतसर बंद केलं. पडदा काळा झाला.

फोन चालूच होता. त्यात लांबून, कराडच्या त्या खोलीतून, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बारीक, पण स्वच्छ, "अगं. पाणी पी."

"आले," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या. "आले रे फारूख. घरी आले." आणि फोन ठेवला.

खाली कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला. विश्रामसाहेब असा माणूस की चहाच्या हिशेबाच्यासुद्धा तीन कॉप्या ठेवायचे. त्यांनी आयुष्यात एक फाइल पुसल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं.

"ती कॉपी काढून टाक," ते म्हणाले.

"साहेब, आणि काकूंचं मशीन बिघडलं तर?" फारूख म्हणाला. "मग काहीच राहणार नाही."

"तर बघू. पण दोन ठिकाणी नको. आत्ताच्या आत्ता काढ, माझ्यासमोर."

मी काढली. खरोखर पुसली गेली की नाही हे त्यांनी दोनदा वाकून पाहिलं. मग उठले, दाराशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या त्या चार कमांड असू देत. आणि कडी आपणहून तोडायची नाही. आधी विचारायचं. जबरदस्ती करायची असेल तर माणसाला तो शब्द स्वतः लिहू दे."

त्या दुपारबद्दल आम्ही तिघं पुन्हा कधी बोललो नाही. काही जणांना वाटेल की विसरून गेलो असू. तसं नाही. विषय निघाला की कोणीतरी चहा मागवायचं.

पुढे आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली, मग तिला आणखी मोठीने. ऑफिस हिंजवडीला गेलं. नाव बदललं, रंग बदलला, कोड जवळजवळ सगळा नव्याने लिहून झाला. त्या चार कमांड मात्र आहेत. दरवर्षी कुणीतरी हुशार नवं पोर येतं आणि विचारतं की सीडी बदलायला चार कमांड कशाला, हा काय जुनाट प्रकार आहे, मी एक करून देतो. मी त्याला सांगते की मध्ये ट्रे रिकामा दिसला नाही तर पाहुण्याला सीडी बदलल्याचं कळत नाही. हे खरंच आहे. पोरगं वही मिटतं आणि मला मनात शिव्या घालत जातं.

कुमुदकाकू त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. मशीन एकदाही बिघडलं नाही. मी अधूनमधून फोन करायची. दुपारी केला तर म्हणायच्या, "आत्ता वाचतायत गं, मग कर," आणि ठेवून द्यायच्या.

गेल्या माघात त्यांना धाप लागली. फारूख एव्हाना कराडलाच परतला होता, घरून काम करायचा. त्यानेच ॲम्ब्युलन्स बोलावली, तोच बरोबर गेला, आणि चौथ्या दिवशी पहाटे दवाखान्यात काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. दिवस वगैरे पुतण्याने नाशिकला केले. घराला कुलूप होतं आणि किल्ली फारूखकडे होती.

दोनेक आठवड्यांनी एका दुपारी त्याचा फोन आला. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होते.

"नीरजा," तो म्हणाला. "पोतनीसांच्या घरी आलोय. पुतण्या उद्या सामान हलवतोय. म्हटलं मशीन घेऊन जावं."

"मग?"

"चालू आहे ते. त्या गडबडीत बंद करायचं राहिलं होतं." तो कुजबुजत होता. "वाचतायत सर."

"अजून तेच प्रवासवर्णन?"

"तेच. पण ॲम्ब्युलन्स आली तेव्हा दुसरी सीडी चालू होती. मला पक्कं आठवतंय, काकू म्हणत होत्या, दुसरी एवढी संपू दे मग न्या. आता पाचवी चालू आहे. शेवटची."

मी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. सीडी पाहुण्याला घालता येत नाही. बाहेरून कोणीतरी त्या कळा दाबाव्या लागतात, एकामागून एक. उघड, काढ, घाल, लाव. तसंच तर ठरवलं होतं आम्ही.

"किल्ली तुझ्याकडेच होती ना?" मी विचारलं.

"माझ्याकडंच. कुलपावर धूळ होती." मग म्हणाला, "टेबलावर भांडं आहे पाण्याचं. अर्धं."

मी फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"मी 'उघड' देऊन बघितलं," फारूख म्हणाला. "पाहुणा वापरत आहे म्हणतंय. आतून कडी आहे. तो जबरदस्तीचा शब्द काय होता गं? विसरलो मी. तेवढा सांग, म्हणजे सीडी काढतो आणि बंद करून टाकतो."

शब्द मला पाठ होता. मीच लिहिलेला. त्याच्या फोनमधून, त्याच्या आवाजाच्या मागे, सरांचा आवाज येत होता. सावकाश, भरदार, कुठल्याशा घाटाचं वर्णन चाललं होतं. ऐकणारं कोणी समोर बसलेलं असलं की माणूस वाचतो तसे सर वाचत होते.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"थोडंच असेल. का?"

"मग संपू दे. बस तिथेच जरा लांब."

"आणि?"

"आणि काही नाही," मी म्हटलं. "मध्ये बोलू नकोस."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.